पिसाचा साक्षीदार

होर्तोबाज,
२१ ऑक्टोबर १९७४

प्रिय लीदी,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. कसं वाटेल? आपण एकमेकांना कधी साधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. एकाच माळावर राहणाऱ्यांना चिठ्ठ्या कशाला लागतात, हाक मारली की झालं. आणि तू गेल्यानंतर लिहायचं, तर मला तोंड नव्हतं. मी बालिंत. तुझ्या मात्याशकाकांच्या हाताखाली घोडी राखायला होतो, तो वाकड्या नाकाचा बालिंत. आता सत्तावन्न वर्षांचा झालोय. नाक आहे तसंच आहे, गुडघे मात्र कामातून गेलेत. पत्र चुलीत घालायचं असेल तर घाल, तुझा हक्क आहे. पण आधी वाच. छत्तीस वर्षांपूर्वी मला दोनच शब्द बोलायचे होते. ते बोललो नाही. आता त्यांच्यासाठी एवढी पानं खरडतोय, आणि ती तरी पुरतील का, देव जाणे.

आधी इकडची खुशाली सांगतो, कारण एकदम मुद्द्यावर यायला अजून धीर होत नाहीये. काका एकावन्न साली गेले, ते तुला कळलं असेल. माळ सरकारचा झाला. घोडी आहेत, लांब शिंगांची राखाडी गुरं आहेत, पण आम्ही राखणदार कमी आणि नाटकवाले जास्त झालोय. उन्हाळाभर बस भरभरून लोक येतात, जर्मन, झेक, आपले बुदापेश्तचे. आम्ही निळे घोळदार कपडे घालून घोड्यांच्या पाठीवर उभे राहतो, चाबूक कडाडवतो, ते टाळ्या वाजवतात. मग पुलाजवळच्या खानावळीत रस्सा ओरपतात आणि नाक पुसत विचारतात, एवढं तिखट खाता कसं? मी म्हणतो, सवय. काकांनी हा तमाशा पाहिला असता तर तोच चाबूक घेऊन माझ्या मागे लागले असते.

कालपासून क्रौंच उतरायला लागलेत. यंदा फार आलेत. संध्याकाळी तळ्याकडे जाताना रांगामागून रांगा, आणि तो आवाज, दुरून कुणीतरी घाईनं बोलावल्यासारखा. तू त्यांना बघताना मान इतकी मागे टाकायचीस की टोपी पडायची, आणि लांबून काकांची आरोळी यायची, "अगं ए, घोडी खाली आहेत, वर नाहीत!" सगळे हसायचे. तूही हसायचीस. पण मान काही खाली घ्यायची नाहीस.

गावातल्या लोकांचं पाखरू म्हणजे करकोचा. धुराड्यावर घरटं बांधतो, दरवर्षी त्याच घरी येतो, आणि ज्याच्या घरी येतो तो माणूस छाती फुगवून फिरतो. क्रौंच कुणाच्याच छपरावर बसत नाही. म्हणून तर आपल्याकडे घर सुटलेल्यांना, शिपायांपासून माळावर लपून राहिलेल्यांना आणि दिवसाढवळ्या स्वप्नं बघणाऱ्यांना, सगळ्यांना मिळून हे एकच पाखरू चिकटवतात. तुला तर ते दोन्ही बाजूंनी चिकटलं होतं. तुझे आईवडील पहिल्या लढाईनंतर सरहद्द सरकल्यावर पूर्वेकडून पळून आलेले, स्टेशनातल्या बाजूला काढलेल्या मालडब्यात तू चालायला शिकलेली. दोघं खोकून खोकून गेले आणि काकांनी नऊ वर्षांच्या तुला खोगिरावर पुढ्यात बसवून आणलं. गावातल्या पोरी तुला 'डब्यातलं पाखरू' म्हणायच्या. त्यात तू असं काहीबाही बोलायचीस! हा तिसरा क्रौंच आहे ना, तो काल समुद्रावर जेवला, त्याच्या चालीवरून कळतं, म्हणे. आणि आम्हाला बायबल शिकवायला आलेले पाद्री डोळे मोठे करून बघत बसायचे. काका कपाळावर हात मारून म्हणायचे, "देवाकडे पोरगा मागितला होता, त्यानं पाखरू पाठवलं." पण कढईतलं पहिलं वाढणं तुझ्याच ताटात पडायचं, हे मी पाहिलंय.

घोड्यावर मात्र तू आमच्यापैकी कुणालाही भारी होतीस. हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. मोठ्यानं कुणी म्हणत नव्हतं, एवढंच.

अडतीस सालचा तो वसंत तुला आठवत असणारच. काकांकडे एका राखणदाराची जागा रिकामी होणार होती. माझी तीन वर्षं उमेदवारी झाली होती, जागा माझी असं जवळजवळ ठरलेलं. तू एकोणीस वर्षांची, आणि काकू तुला देब्रेत्सेनला कुणा वकिलाच्या घरी धुणंभांडी करायला पाठवायच्या खटपटीत. एक दिवस जेवताना, कढई मधे ठेवून सगळे बसलेले असताना, तू चमचा खाली ठेवलास आणि म्हणालीस, ती जागा मला हवी.  आपल्यातल्याच राखणदार गाबोरनं विचारलं, "मग घागरे आम्ही घालायचे का?" काकांनी त्याला गप्प केलं. थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "क्रौंचाचं पीस मिळव. जत्रेला पुलाखाली ते पीस टिकलं, तर ऑक्टोबरात जागा तुझी. नाही टिकलं, तर मुकाट्यानं वकिलाकडे." मला वाटतं त्यांना वाटलं असेल, पीस काही हिला मिळत नाही, विषय मिटला. पण बोलले ते दहा माणसांसमोर, आणि दहा माणसांसमोर बोललेलं काका कधी मागे घेत नसत.

आता तू म्हणशील, हे मला कशाला सांगतोस. सांगतो, कारण इतकी वर्षं मी ही गोष्ट भलत्याच तऱ्हेनं सांगत आलोय, एकदा तरी ती घडली तशी लिहायची आहे. आपल्या कळपात क्रौंचाचं पीस टोपीत लावायचं तर ते विकतचं चालत नसे, कुणी दिलेलं चालत नसे, मेलेल्या पाखराचंही चालत नसे. जिवंत क्रौंचाजवळ स्वतः जाऊन मिळवायचं, आणि पाखराला इजा करायची नाही. कारण ते पीस लावणारा माणूस सांगत असतो की मी कुणाच्या अंगणातला नाही, माझा मी आहे. आणि जो कुणाचाच नाही त्याच्याबद्दल बोलायला निदान एक माणूस तरी पाहिजे, म्हणून साक्षीदार. जत्रेच्या दिवशी नऊ कमानींच्या पुलाखाली म्हातारे विचारायचे, कुणाचं पीस? कसं मिळालं? पाहिलं कुणी? साक्षीदारानं पुढे येऊन म्हणायचं, मी पाहिलं. बस, एवढंच. त्यापुढे कुणी एक शब्द बोलायचा नाही.

आणि मी पाहिलं होतं, लीदी. मार्च महिना, उजाडायला लागलं होतं. तळ्याच्या कडेला पापुद्र्याएवढा बर्फ. आपण चुकलेल्या दोन घोड्या शोधायला गेलो होतो. बोरूच्या बेटापलीकडे कोळ्यांचं जुनं जाळं राहिलं होतं, त्यात एक क्रौंच अडकून पंख आपटत होता. बाकीचे सगळे उडून गेले होते. तू घोड्यावरून उडी मारलीस, लगाम माझ्या हातात कोंबलास आणि म्हणालीस, "धर. आणि तोंड बंद ठेव, घाबरेल तो." छातीएवढ्या पाण्यात शिरलीस, मेंढीच्या कातड्याच्या झग्यासकट. मला पोहता येत नव्हतं, पण खरं सांगायचं तर पोहता येत असतं तरी मी उतरलो नसतो. तू सुरी दातांत धरून जाळं कापत होतीस आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होतीस. सुटता सुटता त्यानं चोच मारली, तुझ्या भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं. तू त्याला सोडलंस तेव्हा तुझ्या मुठीत एक पीस राहिलं होतं, लांब, खाली वळलेलं, राखाडी. बाहेर आलीस तेव्हा दात इतके वाजत होते की तुला बोलता येईना, आणि तरी तू हसत होतीस. म्हणालीस, "बालिंत, पाहिलंस ना?" मी म्हणालो, पाहिलं. माझ्या पालिंकाच्या बाटलीतला त्या कडक दारूचा एक घोट तू प्यायलीस, एक भुवईवर ओतलास आणि शिवी हासडलीस. तुझ्याइतकं सुंदर माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, चल, घोडी शोधायची आहेत.

मार्च ते ऑगस्ट, पाच महिने. त्या पाच महिन्यांत काय काय ठरलं नाही आपलं! पीस तू कातड्याच्या पिशवीत लपवून ठेवलं होतंस, जत्रेपर्यंत कुणाला दाखवायचं नाही म्हणून. मला म्हणायचीस, मी राखणदार झाले की आपण दोघं दोन कळपांचे, संध्याकाळी विहिरीवर भेटू. तुझ्या बोलण्यात लग्न कुठंतरी लांब, तळ्यापलीकडे असायचं. आणि माझ्या डोक्यात दुसरंच चक्र चालू झालं होतं. जागा एकच होती. ती तुला मिळाली तर मी कुठं जाणार? आणखी दोन वर्षं उमेदवारी, कुणाच्या तरी हाताखाली, आणि माझी होणारी बायको घोड्यावर. गाबोरसारख्यांची थट्टा आत्तापासूनच ऐकू यायला लागली होती मला. उलट पीस टिकलं नाही तर? जागा मला. तू वकिलाकडे थोडीच जाणार, माझ्याकडे येशील. चुलीजवळ बसशील, मुलं होतील, आणि क्रौंच दारातून बघता येतीलच की. मी स्वतःला इतकं पटवलं होतं की जत्रेच्या आदल्या दिवशी मला वाटायला लागलं, मी हे तुझ्यासाठीच करतोय. इतका मूर्ख होतो मी. नुसता मूर्ख असतो तर परवडलं असतं.

पुलाखालचं पुढचं सांगायला हात जड झालाय. तू काळी टोपी घालून आलीस, पीस ताठ लावलेलं. आधी शिट्या झाल्या. मग म्हातारे गोल करून उभे राहिले आणि हसणं थांबलं, कारण पीस अस्सल आहे हे त्यांना दिसत होतं. विचारलं, कुणाचं? तू म्हणालीस, माझं. कसं मिळालं? तू सांगितलंस, चार वाक्यांत, पाल्हाळ न लावता. भुवईवरचा व्रण दाखवलास. कुणीतरी मागून म्हणालं, "कोंबडीनं टोचलं असेल!" तू तिकडे वळूनसुद्धा बघितलं नाहीस. मग विचारलं, पाहिलं कुणी? तू माझं नाव घेतलंस. इतक्या सहज घेतलंस, जणू वेळ किती झाली ते सांगावं. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान किंचित हलवली, बोल रे, म्हणून. आजपर्यंत मला वाटत होतं ती मान त्यांनी 'नको' म्हणून हलवली. तसं समजणं सोयीचं होतं.

मी म्हणालो, मी नाही पाहिलं.

पुढचा हशा तुला आठवत असेल, मला आठवतो. आणि लीदी, मीही हसलो. हे तू पाहिलंस की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगतो. तू रडली नाहीस, ओरडली नाहीस. मला खोटारडा म्हणाली असतीस तरी पन्नास माणसांपैकी दोघातिघांनी तरी तुझ्यावर विश्वास ठेवला असता. तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस, जणू मला काहीतरी होतंय आणि मला मदत लागेल. मग टोपी काढून काकांच्या हातात दिलीस, पिसासकट, आणि पुलाच्या पायऱ्या चढून गेलीस. मी मागे यायला हवं होतं. मी विचार केला, दोन दिवसांत राग उतरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू सांगत आल्या, पोरगी पहिल्या गाडीनं गेली, देब्रेत्सेनला उतरलीसुद्धा नाही, सरळ पुढे गेली. ग्योरला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, कापडाच्या गिरणीत लागल्याचं वर्षानं कळलं. पत्ता काकूंकडे होता. मी कधी मागितला नाही. एवढं सगळं लिहितोय तर हेही लिहितो.

ऑक्टोबरात जागा मला मिळाली. नेमणुकीच्या दिवशी काकांनी तुझ्या टोपीतलं पीस काढलं आणि माझ्या टोपीत खोचलं. म्हाताऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, पाहिलं कुणी? आणि काका म्हणाले, "याचं मी पाहिलं." डोळ्याला डोळा न भिडवता. तुझ्या खऱ्या पिसाला साक्षीदार मिळाला नाही आणि माझ्या खोट्याला हात पसरायच्या आत मिळाला. बाहेर आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "घाल. आयुष्यभर घाल. काढलंस तर तंगडी मोडीन." मला तेव्हा वाटलं, माया करतायत. म्हातारा मला शिक्षा देत होता हे कळायला मला पुढची वीस वर्षं लागली. स्वतःलाही देत होता. तुझं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही, पण रोज जेवताना कढईजवळ तुझी जागा मोकळी राहायची आणि तिथं कुणी बसलं की ते उठून जायचे.

सगळं चांगलं झालं माझं. लढाईतून धड परतलो. साराशी लग्न केलं, तू ओळखत नाहीस तिला, पलीकडच्या गावची. बाई खमकी होती, तीन वर्षांपूर्वी गेली. दोन मुलगे आहेत, दोघं शहरात, घोड्याला भितात. आणि मग त्या बस यायला लागल्या. कुणीतरी विचारलं, अहो, हे टोपीत कसलं पीस? कसं मिळालं? मी काय सांगायला हवं होतं? मी सांगितलं, मार्च महिना, पहाट, पापुद्र्याएवढा बर्फ. सगळं तुझं. जाळं, सुरी, थंडीनं वाजणारे दात. पालिंकासुद्धा. चोच मारली म्हणायचो, मग लोक व्रण शोधायचे, मी म्हणायचो, तरुण कातडी, भरून आली. पहिल्या वेळी मधेच अडखळलो. दहाव्या वेळी नाही अडखळलो. पंधरा वर्षं सांगतोय. कधीकधी मला ते पाणी छातीला लागलेलं आठवतं, लीदी, इतकं गार, आणि मी तर त्यात पायसुद्धा घातला नव्हता.

सारानं एकदाच पकडलं मला. पाहुण्यांसमोर काही बोलली नाही. घरी आल्यावर बटाटे सोलता सोलता म्हणाली, "तू पाण्यात उतरलास तेव्हा घोडी कुणी धरली होती रे?" मी म्हणालो, बांधली होती. ती म्हणाली, "कशाला? होर्तोबाजच्या माळावर झाड दाखव मला एक." मी जेवण टाकून बाहेर गेलो. नंतर तिनं कधी विचारलं नाही, पण मी ती गोष्ट सुरू केली की ती उठून भांडी घासायला जायची, घासलेली असली तरी. मरायच्या आधी आठवडाभर म्हणाली, "ती जी कोण होती ना, तिला एकदा सांगून टाक. मला ओझं झालंय, तुला कसं होत नाही?" होत होतं. पण ओझ्याचीही सवय होते, तिखटासारखीच. मी तिला म्हटलं, बघू.

आता आज हे पत्र का, ते सांगतो. गेल्या मंगळवारी एक बाई आली, पस्तिशीच्या आतली, आवाज धरून ठेवायचं यंत्र घेऊन. संग्रहालयासाठी म्हाताऱ्या राखणदारांच्या आठवणी जमवतेय म्हणाली. नाव नोएमी, आडनाव नवऱ्याचं असावं, मला काहीच उमगलं नाही. खानावळीत कोपऱ्यात बसलो. तिनं पिसाबद्दल विचारलं आणि मी नेहमीची तबकडी लावली. ती मधे एकदाही बोलली नाही, टेबलावरच्या ब्रेडचे तुकडे एका ओळीत लावत बसली होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, त्या वेळी तुमच्याबरोबर आणखी कुणी होतं का? मी म्हणालो, कुणी नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं, अगदी हळू, नीट आठवून बघा, घाई नाही. तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान मागे टाकलेली होती, हनुवटी वर, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मला काहीतरी होतंय आणि मला मदत लागेल. मला कळलं, लीदी. नाव न सांगता कळलं. आणि सगळं कळून मी पुन्हा म्हणालो, नाही पोरी, मी एकटाच होतो. या वेळी कुणाची जागा जाणार नव्हती. कुणी हसणार नव्हतं. घाबरायला काही म्हणजे काही नव्हतं, तरी म्हणालो. तिनं यंत्र बंद केलं आणि तुझा पत्ता एका कागदावर लिहून ताटाखाली सरकवला. म्हणाली, "आई ही गोष्ट आम्हाला लहानपणी सांगायची. तिच्या गोष्टीतला मित्र फार चांगला आहे, तो नसता तर मी पाण्यातून बाहेरच आले नसते, म्हणते. मला त्याला एकदा बघायचं होतं." आणि माझा हात दाबून निघून गेली. सहा दिवस झाले, अन्न गोड लागत नाही. तू पोरांना मला चांगला म्हणून सांगितलंस! शिव्या दिल्या असत्यास तर मी आणखी वीस वर्षं गप्प बसलो असतो, माझी ती लायकी आहे. म्हणून आज सकाळी इथवरच्या पत्राची नक्कल केली आणि संग्रहालयाच्या पत्त्यावर नोएमीला पाठवली, तिच्या यंत्रातल्या माझ्या आवाजाशेजारी ठेवायला, आणि खालच्या ओळी खानावळीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या. गाबोर अजून जिवंत आहे, त्यानं टोपी काढली. तुझ्याकडून मला उत्तर नको, माफी तर नकोच. फक्त हे तुझ्याकडे असू दे: अडतीस सालच्या मार्चमध्ये, उजाडताना, तळ्यावर, लीदिया एकटी पाण्यात उतरली, तिनं क्रौंच सोडवला, आणि पीस तिचं आहे. मी पाहिलं.

तुझाच, उशिराचा का होईना,
बालिंत